काका, तुम्ही तो फ्यूज बदलू दिला नाहीत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. चाळीस वर्षांची मोटारहोम, म्हणजे आत राहता येईल अशी घरासारखी गाडी, हौसेनं घेऊन तिच्या वायरिंगपाशी अडलेली मी काही एकटी नाही.

तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. तुमचा नंबर कुणाकडून तरी मिळाला होता. मी फोनवर एवढंच विचारलं, की गाडी खडबडीत रस्त्याला लागली की फ्रिजचा १५ अँपिअरचा फ्यूज उडतो, तर तिथे ३० चा बसवू का? तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "फ्यूज फ्रिजसाठी नसतो गं, वायरसाठी असतो. हात लावू नकोस, मी येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मीटर घेऊन दारात हजर.

माझ्या मते वायरिंगमध्ये काही बिघाड नव्हताच. फ्रिजच्या वायरवर मी स्वतः मीटर लावून पाहिला होता, १२.६ व्होल्ट दाखवत होता. तुम्ही तो आकडा बघितलात आणि फ्रिज चालू करायला सांगितलात. आकडा १०.१ वर आला! बॅटरीवर त्याच वेळी १२.४ होते. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, हे तुम्ही समजावलंत. लोड लावल्याशिवाय, म्हणजे उपकरण चालू केल्याशिवाय, घेतलेल्या मापाला अर्थ नाही, हे वाक्य मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

मग तुम्ही हरवलेले २.३ व्होल्ट शोधायला लागलात. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. मीटरच्या दोन पिना एकेका जोडाच्या दोन बाजूंना टेकवत गेलात आणि प्रत्येक ठिकाणी मला आकडा लिहायला लावलात. दीड चौरस एमएमची वायर, जाऊन-येऊन बारा मीटर, तिच्यातच १.३ व्होल्ट. बॅटरीपाशी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे अर्थिंगची वायर जोडली होती, त्या गंजलेल्या बोल्टखाली ०.३. आणि कपाटामागच्या एका पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात ०.७. करंट नऊ अँपिअर होता. "गुणाकार कर," म्हणालात. सहा वॉटपेक्षा जास्त उष्णता, नखाएवढ्या जागेत, लाकडी फळीला चिकटून. टेप सोडवली तेव्हा आतलं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. त्या फळीला लागून मी उशी ठेवून झोपत असे. ३० चा फ्यूज घातला असता तर त्याच वायरमधून दुप्पट करंट जाऊ शकला असता, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हे तुम्ही घाबरवायला सांगितलं नाहीत. कागदावर आकडेमोड करून दाखवलीत.

फ्यूज उडण्याचं कारण वेगळंच निघालं. पत्र्याच्या भोकातून वायर जात होती आणि भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी कडी, नव्हता. गाडी हादरली की पत्र्याची धार इन्सुलेशन कुरतडत होती, आणि तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट. म्हणजे तो बिचारा फ्यूज इतके दिवस त्याचं काम चोख करत होता.

भिंतीचं पॅनल उघडण्याआधी तुम्ही बाहेरून गाडीत येणारी विजेची लाइन काढलीत आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडायला लावलात. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो, म्हणून. आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. वायरी थर्माकोलच्या आत रुतून बसल्या होत्या. वायरवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधला मऊपणा देणारा पदार्थ वर्षानुवर्षं थर्माकोलमध्ये उतरत राहतो, त्यानं थर्माकोल विरघळून चिकट होतो आणि वायर काडीसारखी कडक होते. तुम्ही एक तुकडा वाकवलात, तर इन्सुलेशनला तडा जाऊन आतलं तांबं उघडं पडलं, तेही काळं. खिडकीखालच्या टोकांवर हिरवा कळंक चढला होता. मागे कधी कुणीतरी घरात वापरतात ती एकाच जाड तारेची वायर टाकली होती. धावत्या गाडीत अशी तार सततच्या हादऱ्यानं आतल्या आत तुटते, बाहेरून काही कळत नाही.

पुढचे सहा शनिवार तुम्ही येत राहिलात. फ्रिजसाठी बारीक धाग्यांची सहा चौरस एमएमची वायर, ती पण पाइपातून, थर्माकोलला कुठेही न टेकू देता. जिथे जमलं तिथे जुन्या वायरला नवी बांधून ओढली. मला जोड सोल्डर करायचे होते. तुम्ही म्हणालात, सोल्डर धाग्यांत वर चढतो, तिथे वायर ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथेच तुटते. त्यापेक्षा लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, नीट दाब आणि ओढून बघ. माझे पहिले अकरा लग तुम्ही हातानं ओढून काढलेत, रागावला मात्र एकदाही नाहीत. बारावा टिकला. जुन्या वायरींच्या रंगांवर विश्वास न ठेवता दोन्ही टोकांना नंबर लावायचे, ही सवयही तुमचीच. आमच्या गाडीत तीन ठिकाणी काळी वायर पॉझिटिव्ह निघाली होती.

२३० व्होल्टच्या भागाला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. तेव्हा वाईट वाटलं होतं, आज नाही वाटत. चार्जर आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्स सोडवून तुम्ही ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावलात. एक सर्किट एक मेगाओमच्याही खाली आलं, कारण छताच्या गळतीचं पाणी सॉकेटमागे पोचलं होतं. ते सर्किट तुम्ही मुळापासून बदललंत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवलात. त्याचं टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबते.

आता फ्रिज चालू असताना त्याच्या टोकाशी १२.० व्होल्ट मिळतात, आणि फ्यूज १५ चाच आहे. कुठली वायर कुठून कुठे जाते, किती जाडीची, कितीच्या फ्यूजवर, हा तुम्ही मला काढायला लावलेला नकाशा फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय. काका, मी आता त्या फळीपाशी शांत झोपते. तुमच्या सहा शनिवारांची परतफेड मला करता येणार नाही, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

मागच्या दिव्याची एक वायर अजून जुनीच आहे. परवा लोड लावून मोजली, ०.२ व्होल्ट जातो. तारीख घालून वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या महिन्यात ते पॅनल उघडणार आहे. तुम्ही नुसते बघायला या, पक्कड मी धरीन.

तुमची विद्यार्थिनी