यातली कुठली गोळी आणू?

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला सिकलसेलवरचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावरचा, लेख वाचला. पेशींतले संदेशमार्ग, कुलूप, किल्ली, लाल-निळे बाण. आकृती फारच देखणी. इतकी, की आमच्या पाड्यावरच्या एका बापाने ती कापून खिशात घातली आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन विचारले, "सर, यातली कुठली गोळी आणू?"

काय सांगू त्याला? 'नवी आशा' म्हणून लेखात जी दोन औषधे आहेत, त्यांना अमेरिकेत नोव्हेंबर 2019 मध्ये मान्यता मिळाली. पैकी व्हॉक्सेलोटॉर कंपनीनेच सप्टेंबर 2024 मध्ये जगभरातून मागे घेतले. दुसरे क्रिझॅनलिझुमॅब. पेशी रक्तवाहिनीला चिकटू नयेत म्हणून ते पी-सिलेक्टिनला, म्हणजे त्यांना चिकटवून धरणाऱ्या प्रथिनाला, अडवते. त्याची मान्यता युरोपने 2023 मध्ये काढून घेतली. शिवाय ते शिरेतून द्यायचे असते, गोळी नव्हेच. लेखकमहाशयांच्या हाती जुने कात्रण लागले असावे.

आणि हायड्रॉक्सियुरिया? ओळसुद्धा नाही! अमेरिकेत 1998 पासून सिकलसेलसाठी मान्य असलेली साधी कॅप्सूल. तीही पेशींना निरोप देणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूच्या मार्गानेच, बाळ पोटात असताना रक्तात असते तसले हिमोग्लोबिन रुग्णाच्या रक्तात वाढवते असे मानतात, म्हणजे तुमच्या संदेशमार्गांचा विषय सोडून नव्हती. याच बापाच्या पोराला ती लिहून दिलेली आहे. दवाखान्यात दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा 'संपली, सोमवारी या'. चिकूच्या वाडीतला रोज बुडवून किती सोमवार यायचे त्याने?

मी एवढा का चिडलो तेही सांगतो. आश्रमशाळेत असताना डिसेंबरात पहाटेच्या गार अंघोळीला टाळाटाळ करणाऱ्या एका मुलाला मी 'नाटकी' म्हणालो आणि मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. दुपारी तो मांड्या आवळून ओरडत होता. गारठा, दमणूक, पोटात पाणी कमी, एवढ्यानेही सिकलसेलच्या कळा उठतात हे मला पुढे चार वर्षांनी एका नर्सबाईंनी सांगितले. तेवढे चार शब्द आकृतीशेजारी सहज मावले असते. आश्रमशाळांत तुमचा अंक जातो.

बाकी आपले दैनिक मी तीस वर्षे घेतो, त्यामुळे अधिकाराने लिहिले. राग नसावा. आणि शब्दकोड्याची उत्तरे 'उद्याच्या अंकात' म्हणता, ती गेल्या गुरुवारपासून आलेली नाहीत. माझे सात उभे अजून अडलेले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डहाणू