अब्बा, यंदा रोजे धरायचे नाहीत

प्रिय अम्मी-अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

फोनवर हा विषय काढला की अब्बा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन अम्मीकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. अम्मी, तू मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी सांगूनच टाकते. अब्बा, यंदा तुम्ही रोजे धरायचे नाहीत. ठरलंय. तुमची फाइल घेऊन मी दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आले, भाईशी बोलले, तोही कुवेतवरून हो म्हणालाय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय मला, खूप वाटतंय, पण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते आपल्या सगळ्यांना माहितीय.

गेल्या मार्चमधला एकविसावा रोजा माझ्या डोक्यातून जातच नाही. असरच्या नमाजनंतर अम्मीचा फोन, अब्बा ओटीवर बसल्या जागी घामाने भिजलेत, काही विचारलं तर भलतंच बोलतायत, मशीनवर साखर 54. अम्मी चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजतेय आणि मी इकडे पुण्यात कोंढव्यात नुसता फोन कानाला लावून उभी. नंतर कळलं की त्या आठवड्यात आधीच दोनदा हात थरथरले होते आणि तुम्ही अम्मीला "बेबीला सांगू नको" म्हणाला होतात. का ते मला कळतं. मीच ना रोज संध्याकाळी विचारायचे, "अब्बा, आज कितवा?" आणि आकडा ऐकून माशाअल्लाह म्हणायचे. साखर किती आहे हे एकदाही विचारलं नाही मी. माफ करा अब्बा.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. दोन वेळचं इन्सुलिन, वर ती ग्लिमेपिराइडची गोळी, म्हणजे पोटात काही नसलं तरी औषध साखर खाली ओढतच राहतं. त्यात तुमचं क्रिएटिनिन 1.9. किडनी मंदावली की औषध अंगात जास्त वेळ राहतं, आणि 13 तास पाण्याशिवाय काढले की किडनीवर अजून ताण. तुम्ही म्हणाल 2018 ला रमजान ऐन मे महिन्यात आला होता, तेव्हा भर उन्हात आंब्याच्या पेट्या भरून सगळे रोजे केले, आता तर फेब्रुवारी, दिवसही लहान. खरंय, केलेत. पण तेव्हा इन्सुलिन नव्हतं अब्बा, आणि किडनीही चांगली होती. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत थंडीत आला, आपलं वय काही तसं मागे सरकत नाही.

मौलानांनाही विचारलंय, आपल्या शाफई पंथाच्या मौलानांनाच, म्हणजे नंतर शंका नको. डॉक्टरांचा कागद बघून ते म्हणाले की ताप-बिप असता तर बरं झाल्यावर कजा, म्हणजे सुटलेले रोजे भरून काढायचे, पण हा आजार बरा होणारा नाही, तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला धान्य द्यायचं, म्हणजे फिदया. सूरह बकरामध्ये, 184 आणि 185 मध्ये आहे ते, आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही, हेही तिथेच आहे. तुम्हीच मला हे वाचून दाखवलं होतंत. दिलेली सूट घेणं म्हणजे ईमान कमी पडलं असं नाही ना होत अब्बा?

फिदयाचे पैसे मी इथून पाठवून मोकळी झाले असते. मुद्दाम नाही पाठवले. आपल्यात एका रोजाला एक मुद्द धान्य, म्हणजे साधारण दोन्ही हातांची एक भरलेली ओंजळ. तर रोज पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर तुम्ही स्वतः कणगीतला आपल्या शेतातला तांदूळ एक ओंजळ काढायचा, नियत करायची आणि डब्यात टाकायचा. वाडीच्या टोकाच्या खालांकडे आठवड्याचं एकदम नेऊन द्यायचं, मौलाना म्हणाले चालतं. ओंजळ तुमचीच हवी, अम्मीची लहान आहे.

आणि सहरीला तुम्ही उठायचंच. वाडीत सगळ्यांना हाका मारत फिरता ते बंद करू नका, लोक तुमच्याच आवाजाला उठतात. अम्मीसोबत बसा, एकटीने पहाटे चारला जेवण जात नाही तिला, घास चघळत बसते. तुमची भाकरी आठला, इन्सुलिन नेहमीच्या वेळी. चहा, दुपारचं जेवण आतल्या खोलीत दार लावून लपूनछपून नाही करायचं, पडवीत नाही तर माजघरात तरी बसून करा, चोरी नाही केलेली आपण. इफ्तारला सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसा, खजूर मात्र एकच. रात्रीची तरावीहची नमाज गुडघे दुखले की खुर्चीवर. मशिदीत कोणी विचारलं तर "डॉक्टरांनी मना केलंय" एवढंच बोला. तेवढं पुरतं. त्यापुढे कोणी काही बोललंच तर मला नाव सांगा.

आता अम्मी. तुला डॉक्टरांनी हो म्हटलंय, फक्त बीपीची सकाळची गोळी सहरीला घ्यायची. पण सहरीला नुसता चहा-बटर खाऊन झोपायचं नाही. नाचणीची भाकरी, अंडं किंवा आमटी, आणि पाणी थोडं थोडं करून, शेवटच्या मिनिटाला गटागटा तांब्याभर नाही. चक्कर आली तर रोजा सोडायचा, "आता मगरिबला तासच राहिलाय" हे ऐकायचं नाहीये मला. वडे, भजी रोज तळू नकोस, सांदणं कर एखाद्या दिवशी, मी आले की माझ्यासाठी पण. अब्बांची साखर सकाळी आणि असरला बघ. तुझीही कधी बघावीशी वाटली तर बघ, बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर लगेच डॉक्टरांना फोन, नंबर कॅलेंडरच्या मागे चिकटवलाय. पट्ट्यांचे दोन डबे यष्टीने येणाऱ्याबरोबर पाठवतेय, जपून वापरायच्या नाहीत, संपल्या की अजून येतील.

अब्बा, माझा पहिला रोजा आठवतो? आठ वर्षांची होते, असरपर्यंत ताणलं आणि मग रांजणाशेजारच्या ओल्या जमिनीला गाल लावून पडून राहिले, कारण तिथे गार लागायचं. अम्मी म्हणत होती अजून थोडंच राहिलंय. तुम्ही आलात, मला उचलून मांडीवर घेतलंत आणि स्वतःच्या हाताने खजूर सोलून तोंडात घातलात. बी काढून. मी रडत होते, रोजा गेला म्हणून. तुम्ही म्हणालात, अल्लाहला तुझं कोमेजलेलं तोंड नकोय बेबी, तू धरायला निघालीस ते त्याने बघितलं. तुमचा हात त्या दिवशी घामाने आणि भुसाने भरलेला होता, भुसाचा वास आठवतो मला अजून.

मी पहिले पाच दिवस आणि शेवटचे दहा दिवस येतेय, रजा टाकलीय, कुंभार्ली घाटातून येणारी सकाळची यष्टी. मधल्या दिवसांत मगरिबनंतर फोन करेन. कितवा झाला ते नाही विचारणार. साखर विचारेन, आणि ओंजळ काढली का ते.

तुमची
बेबी