जनावरांच्या दवाखान्यातल्या काकांचे आभार

वणीहून नागपूरला निघालेली आमची बस मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यात बंद पडली. माझ्याजवळ ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवलेले उंदरांच्या मूत्रपिंडाचे नमुने होते, सामाईक प्रयोगशाळेत इमेजिंग मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी न्यायचे. यात ऊतीच्या अतिपातळ कापावर लेझर ठिपक्याठिपक्याने फिरतो आणि कुठला रेणू नेमका कुठे आहे, याचा नकाशा मिळतो. नमुना वितळला की रेणू जागा सोडतात, मग नकाशाला अर्थ उरत नाही. आणि ड्राय आइस डोळ्यांदेखत उडून चालला होता.

टपरीवरच्या दादांनी जनावरांचा दवाखाना दाखवला. कृत्रिम रेतनासाठीच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांसाठी तिथे द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा. तिथले काका जेवणाचा डबा झाकून उठले. लहान कंटेनरमध्ये पट्टी बुडवली, हवेत हलवली आणि तिच्यावर नायट्रोजनच्या पातळीपर्यंत उमटलेली गोठलेल्या दवाची पांढरी रेघ मला दाखवली. "ताई, टेन्शन नका घेऊ. उद्यापर्यंत पुरते हे." माझ्या नमुन्यांच्या कुप्या द्रवात न बुडवता वरच्या गार वाफेत टांगल्या. झाकण घट्ट दाबू नका, वायूला वाट लागते, हे दोनदा बजावलं. रजिस्टरमध्ये सही घेतली, पैसे मात्र घेतले नाहीत. अनोळखी बाईला दवाखान्याचा कंटेनर नेऊ देणं ही साधी गोष्ट नाही.

कंटेनर परत द्यायला आले तेव्हा तुम्ही फेरीवर गेला होतात, म्हणून इथे लिहिते. काका, नकाशात मूत्रपिंडाची बाहेरची साल आणि आतला गाभा अगदी वेगवेगळे दिसताहेत. तुमचे आणि टपरीवरच्या दादांचे मनापासून आभार.