तुझी फ्लॉपी आणि माझं कार्ड

सुध्या,

दोन वर्षं होत आली. तुझा शेवटचा मेसेज 22 एप्रिल 2024 चा, एअर इंडियाचा जंबो, 747, मुंबईहून कायमचा उडाला त्या दिवशीचा. पंख हलवून गेला तो व्हिडिओ पाठवून खाली तू फक्त "गेला रे" एवढंच लिहिलं होतंस आणि मी काय केलं तर अंगठा पाठवला. त्या विमानाखाली तू किती रात्री काढल्यास हे मला माहीत असून अंगठा. त्यानंतर फोन करायचा धीरच झाला नाही, मग दिवस वाढत गेले आणि जेवढे वाढले तेवढं अवघड होत गेलं. माफ कर. तब्येत ठीक आहे, शुगरची गोळी सुरू झाली, चालायचंच.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. इथे हे कुणाला सांगून कळणार नाही, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली "मग दुसरं कार्ड घाला की".

तुला छोट्या विमानांचा संबंध नाही म्हणून थोडं सांगतो. आमच्या फ्लाइंग स्कूलची सेस्ना 172 सगळी जी1000 वाली, म्हणजे काट्यांच्या घड्याळांऐवजी स्क्रीनवर सगळं दाखवणारी, 2007 च्या आसपासची. पुढे दोन मोठे स्क्रीन, प्रत्येकाच्या उजव्या कडेला वरती एसडी कार्डाचे दोन स्लॉट. वरच्यात कार्ड घालून नॅव्ह डेटाबेस, म्हणजे मार्ग-विमानतळांची माहिती, भरायचा आणि काढून घ्यायचं, दर 28 दिवसांनी, गुरुवार पकडून, तुमच्या जंबोसारखंच. खालच्या स्लॉटमधलं कार्ड मात्र कायम आतच राहतं, त्यावर डोंगर, टॉवर, असलं सगळं. आणि आमच्या या जुन्या स्क्रीनना 2 जीबीची साधी एसडी लागते, त्यापुढचं पचत नाही. अशी कार्डं आता दुकानात कुठे मिळतात? पवन्या म्हणून नवीन पोरगा आहे, हुशार आहे, बत्तीस जीबीचं चकचकीत कार्ड घेऊन आला. स्क्रीनने ओळखच दिली नाही. तर रात्री बसून त्याने त्यावर 2 जीबीचं पार्टिशन पाडलं आणि सकाळी उड्या मारत आला, तरी नाही. मग त्याला बसवून समजावलं की बाबा हा फॉरमॅटचा प्रश्नच नाही, जुन्या कार्डाशी बोलताना एकेका बाइटचा पत्ता द्यायचा असतो आणि 2006 नंतर जी एसडीएचसी आली तिला 512 बाइटच्या गठ्ठ्याचा पत्ता लागतो, आपला स्क्रीन जुना पोस्टमन आहे, तो घर नंबर विचारतोय आणि हे कार्ड त्याला गल्ली नंबर सांगतंय, तू गल्ली कितीही छोटी कर. पोरगा खूप हसला. (जोशी सर असते तर याला फळ्यापाशी उभा केला असता आणि शिर्क्याने मागून उत्तर चुकीचं सांगितलं असतं.)

तर अशी कार्डं गोळा करणं हे माझं गेल्या चार-पाच वर्षांतलं कामच झालंय. मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडची एक फेरी ठरलेली. आपण दोघं तिथे सोल्डरिंग गन घ्यायला गेलो होतो आणि तू भाव करता करता दुकानदाराशी भांडलास ते आठवतं ना, तो बोळ अजून तसाच आहे. इथे गावात एक लग्नाचे फोटो काढणारा आहे, त्याच्याकडे 2008-09 ची कार्डं डबाभर पडलेली, दीडशे रुपयाला एक देतो. आणली की प्रत्येक कार्ड शेवटपर्यंत भरून परत वाचून बघायचं, कारण लेबलवर 2 जीबी आणि 512 एमबीच्या पुढे नुसता कचरा असली नकली कार्डंही मला सापडलीत. वरच्या स्लॉटसाठी हे चालतं. डेटा चुकीचा भरला गेला तर सिस्टिम स्वतः तपासून नाकारते आणि कार्ड तर आपण काढूनच घेतो.

खालच्या स्लॉटचं तसं नाही. तिथलं कार्ड विमानासोबत उडतं. त्याला पार्ट नंबर आहे, कागद लागतो.

डिसेंबरात एका विमानाचं खालचं कार्ड मेलं. नवीन मागवलं तर सप्लायर म्हणाला वेळ लागेल. शिकणाऱ्या पोरांच्या सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं, तुंबलेल्या, धुक्यामुळे आधीच दिवस वाया गेलेले, सीएफआय, आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर, दिवसातून दोनदा हँगरमध्ये. आणि मी त्या फोटोग्राफरच्या डब्यातलं एक कार्ड, तपासलेलं, शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर आलेलं, त्यात डेटा भरून खालच्या स्लॉटमध्ये सारलं. स्क्रीनने मुकाट्याने घेतलं. मी सही केली. लॉगबुकमध्ये "कार्ड बदलले" एवढंच लिहिलं, कुठलं ते लिहिलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला. सीएफआयने नाही, मालकाने नाही. मीच.

तीन महिने चाललं. मार्चमध्ये एक पोरगी, सोलापूरची, सोलो क्रॉस कंट्रीला, एकटीने लांबच्या उड्डाणाला, गेली होती. सातपुड्याच्या बाजूला सगळं धुरकट, आणि मधेच स्क्रीनवरचे डोंगरांचे रंग गेले आणि टेरेन फेल, म्हणजे डोंगरांची माहिती बंद, असा इशारा आला. पोरगी घाबरली नाही. उंची सोडली नाही, मांडीवरचा नकाशा बघितला, बाहेर बघितलं आणि परत आली. अगदी व्यवस्थित आली. उतरून स्नॅग, बिघाडाची नोंद, लिहिला, अक्षर बघत राहावं असं, वेळ, उंची, ठिकाण सगळं. आणि मला म्हणाली, "सर, माझ्याकडून काही दाबलं गेलं का?"

सुध्या, मी तिला "नाही गं" म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना.

ती गेल्यावर कार्ड काढलं. विमान उन्हात उभं राहून राहून आत भट्टी झालेली असते तुला माहीत आहे, कव्हर घालतो तरी. कार्डाची कड एका बाजूने उकललेली, आत नख जाईल इतकी, नऊ पट्ट्यांपैकी दोन वर उचललेल्या. आणि लॉकचं ते पांढरं सरकतं बोंडूक, तांदळाच्या दाण्याएवढं, जागेवर नव्हतं. बाहेर पडलं म्हणावं तर खाली कुठे नाही. टॉर्च आणि चिमटा घेऊन पाऊण तास स्लॉटमध्ये आणि पेडलच्या खाली शोधत होतो. शेवटी स्लॉटच्या तळाशी आडवं अडकलेलं मिळालं. तेवढा वेळ डोक्यात एकच, की हा तुकडा मी आत घातला. मी बाइट न् बाइट तपासला पण कार्डाचं प्लास्टिक कुठे तपासलं होतं? लग्नाच्या मांडवासाठी बनलेली वस्तू ती.

आणि मग मला सहार विमानतळावरची ती रात्र आठवली, तुमच्या जंबोचा डेटाबेस फ्लॉप्यांवरून भरायचा असायचा तेव्हाची. तिसरी फ्लॉपी वाचेना आणि कुणीतरी दुसऱ्या टेबलावरच्या वापरलेल्या फ्लॉप्यांवर कॉपी केलेला सेट आणून दिला आणि तू हातात घ्यायलाही तयार नव्हतास. विमान खोळंबलं. सगळे तुझ्यावर भडकलेले आणि मी, तुझा मित्र, सगळ्यांसमोर तुला सोवळेकर म्हणालो, फ्लॉपीला पाटावर बसव आणि गंध लाव म्हणालो, लोक हसले. वर्षभर तुला सोवळेकरच म्हणत होते सगळे. तू तेव्हा एवढंच म्हणालास, "यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्यावर माझी सही नाही." मला वाटलं होतं मिजास करतोयस. तुझी प्रमोशन लिस्ट आली तेव्हाही मी मनात तेच म्हणालो होतो, हेही सांगून टाकतो.

आता काय केलंय ते ऐक. दुसऱ्या दिवशी क्वालिटी मॅनेजरकडे गेलो आणि डिसेंबरपासूनचं सगळं लेखी दिलं. विमान खाली बसवलंय. कागदासकट कार्ड येईपर्यंत मी सोडणार नाही. आज नववा दिवस. मालक काल म्हणाले, नखाएवढ्या चिपसाठी तुम्ही माझं विमान अडवून ठेवलंत, आणि त्यांचंही काही खोटं नाही रे, कर्जाचे हप्ते आहेत, पोरांचे तास आहेत. जी1000 ची नवी आवृत्ती, एनएक्सआय, बसवा म्हणालो, त्याला मोठी कार्डं चालतात, तर त्याचा खर्च ऐकून ते खुर्चीतच बसले. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं आणि कार्डांचा बाजार दोन-तीन वर्षांत कूस बदलतो, हे त्यांना कसं समजावू? तुमची फ्लॉपी तरी काय, सोनीने 2011 मध्ये बंद केली आणि जंबो त्यानंतरही उडतच होते की. तुम्ही शेवटी शेवटी कुठून आणायचात, हे मी कधी विचारलंच नाही तुला.

लायसन्सचं काय होईल ते होईल. चौकशी लागली तर डिसेंबरची सही माझी आहे हे मी नाकारणार नाही. पण रात्री झोप येत नाही आणि ती लायसन्सपायी नाही. ती पोरगी रोज हँगरवरून जाताना "गुड मॉर्निंग सर" म्हणते. तिला अजून सांगितलेलं नाही की तिने काही दाबलं नव्हतं, मी दाबलं होतं. उद्या सांगणार आहे. क्लासमध्ये सगळ्यांसमोर की एकटीला, तेवढं ठरत नाहीये. तू असतास तर कसं सांगितलं असतंस?

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं शिर्क्याकडून कळलं, चालतात का आता? चिनूची दहावी यंदा ना? की झाली? शारजाचं घर मोठं घेतलंस म्हणे, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

आणि एक. तुमच्या तिकडच्या स्टोअरला विचारशील का, खालच्या स्लॉटचं एखादं कार्ड, फॉर्म वनसकट, म्हणजे पार्ट अस्सल असल्याच्या कागदासकट, कुणाच्या शेल्फवर पडलंय का? फॉर्म वन नसेल तर नको. फुकट मिळालं तरी नको.

सहारच्या त्या रात्री ड्युटी संपवून तू एकटाच लोकलने गेलास, मी मागे थांबून चहा पीत बाकीच्यांबरोबर हसत होतो. घरी गेल्यावर झोप लागली होती का रे तुला?

तुझा,
अव्या