बाबांसाठी रातकिडे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला रात्री आपण तिघं अंगणात बसलो होतो, तेव्हा बाबा, तुम्ही विचारलंत, "यंदा रातकिडे कुठे गेले?" आईनं माझ्याकडे पाहिलं. रातकिडे तर नुसते कालवा करत होते. वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी घशात काहीतरी अडकलं आणि मी गप्प बसले.

तेव्हापासून एक रचना करते आहे. रातकिड्याचा सूर साधारण साडेचार हजार हर्ट्‌झचा, म्हणजे पियानोच्या शेवटच्या पट्टीच्याही वर. तो मी चार सप्तकं खाली आणला आणि टेनर सॅक्सोफोनवर घेतला. रात्र गार होत जाते तशी रातकिड्यांची किरकिर संथ होते, म्हणून लयही शेवटाकडे मंदावत नेली. इथे जॅझचा झोका फार उपयोगी पडला. त्यात सुरांच्या जोडीतला पहिला लांब असतो, दुसरा आखूड. लय जलद असली की दोघं जवळजवळ सारखे वाजतात. मंदावली की पहिला रेंगाळतो. पहाट आपोआपच रेंगाळत आली, मला वेगळं काही करावं लागलं नाही.

ड्रमवर तारांचे ब्रश फिरतात. आई, तो तुझा खराटा. भल्या पहाटे अर्धवट झोपेत मी तो ऐकायचे.

सरावाच्या वेळी पक्षी ओरडले की लहानपणी मी खिडकी लावून घ्यायचे. पुढे जॅझ वादक एरिक डॉल्फीची १९६२ सालची मुलाखत वाचली. घरी वाजवताना पक्षी साद देत, मग हातातलं सोडून तो त्यांच्याबरोबर वाजवत असे. किती वर्षं खिडकी बंद ठेवली मी, या विचारानं अजून हळहळते.

बाबा, कान एकदा तपासून घ्या. पुढच्या महिन्यात मी येते, बरोबरच जाऊ.

रेकॉर्डिंग पाठवते आहे. आवाज फार मोठा करायची गरज नाही. मधे एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि सॅक्सोफोन एकटाच उरतो. बाबा, ते रातकिडे.

तुमची,
धाकटी