दूतावासाच्या फाटकावर थांबणारा कायदा

महोदय,

परदेशात दूतावासावर हल्ला झाला की ‘त्यांना तर कायद्याचे संरक्षण असते ना?’ असे विचारले जाते. असते, पण सगळ्यांना सारखे नाही.

राजनैतिक संबंधांबाबतच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २९ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही आणि त्याच्या जिवाची जबाबदारी यजमान देशावर असते. कार्यालयीन व तांत्रिक कर्मचाऱ्यांना बरेचसे तेच संरक्षण आहे. भारतातून नेलेल्या ड्रायव्हरला ते फक्त कामाच्या कृत्यांपुरते. तिथेच नेमलेल्या स्थानिक दुभाषाला कलम ३८ प्रमाणे यजमान सरकार देईल तेवढेच. युद्ध पेटल्यावर देश सोडण्याची सोय करून देणारे कलम ४४ सुद्धा यजमान देशाच्या नागरिकांना वगळते. म्हणजे सत्ता उलथली की ज्याचे घर, पत्ता, नातेवाईक सगळ्यांना ठाऊक, तोच मागे राहतो.

काबूलमध्ये ७ जुलै २००८ च्या सकाळी स्फोटकांची मोटार आपल्या दूतावासाच्या फाटकाशीच, आत शिरणाऱ्या गाड्यांवर आदळली. दूतावासातले अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि व्ही. व्यंकटेश्वर राव, पहाऱ्यावरचे आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) दोन जवान आणि दूतावासाचा एक अफगाण कर्मचारी गेले. बाहेर व्हिसासाठी थांबलेली माणसेही गेली. कलम २२ मुळे फाटकाच्या आत यजमान पोलीस परवानगीशिवाय येऊ शकत नाहीत. बाहेरचा रस्ता मात्र त्यांचाच. तिथे काँक्रीटचे अडथळे टाकायचे किंवा रांग दूर न्यायची, तर त्यांची संमती हवी.

हल्लेखोरावर खटला चालवा किंवा त्याला दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करा, असे राजनैतिक व्यक्तींवरील गुन्ह्यांबाबतचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा, त्या भारतीय राजनैतिक अधिकारी रवींद्र म्हात्रे यांचा १९८४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ खून झाला. तिथे निदान खटला चालवणारे न्यायालय होते. जिथे सरकारचा हुकूम राजधानीबाहेर चालत नाही, तिथे हे कलम कोण अमलात आणणार?

आपला १९७२ चा कायदा भारतातल्या परदेशी दूतांसाठी आहे, बाहेरच्या आपल्या माणसांसाठी नाही. स्थानिक कर्मचाऱ्यांची कुटुंबासह अद्ययावत यादी, संकटकाळी व्हिसा आणि नेमणूकपत्रातच लिहिलेला विमा, या तीन गोष्टींसाठी यजमान देशाची परवानगी लागत नाही. नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांनी लोकसभेत याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारावा.

– आंतरराष्ट्रीय कायद्याचे एक अभ्यासक, गंगापूर रोड, नाशिक