वीजकंपनी बदलताना फक्त युनिटचा दर पाहू नका

मुंबई उपनगरांतील बऱ्याच भागांत अदानी आणि टाटा यांपैकी एक वीजपुरवठादार निवडता येतो. ‘बेस्ट’च्या ग्राहकांना सहसा ही सोय नाही, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरण आहे. तुलना मात्र बहुतेक जण चुकीची करतात. जाहिरातीतला युनिटचा दर म्हणजे पूर्ण बिल नव्हे. बिलात स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम), वहन आकार (तारांतून वीज आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारा) हेही असतात आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते.

वर्षभराची बिले समोर ठेवा. ३२० युनिटच्या महिन्यात पहिली १०० युनिटे एका दराने, पुढची २०० दुसऱ्या आणि उरलेली २०च तिसऱ्या दराने धरा. एसी चालणारा मे आणि थंड जानेवारी, दोन्ही मांडा. कमी वापराच्या घराला स्वस्त पडणारी कंपनी जास्त वापराला महाग पडू शकते.

दोन-तीन वर्षांसाठी दर बांधून देणारी योजना कोणी सांगितली, तर सावध राहा. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आणि इंधन समायोजन आकार मधेच बदलतो.

अर्जाआधी थकबाकी भरा. तारा जुन्याच कंपनीच्या राहणार असतील, तर केबलमधील बिघाडही तिनेच दुरुस्त करायचा असतो. बदलाच्या महिन्यात दोन अपुरी बिले येतात. त्यांत स्लॅब (युनिटांचे वेगवेगळ्या दरांचे टप्पे) दिवसांच्या प्रमाणात धरलेत का, ते तपासा. शेवटच्या रीडिंगचा फोटो आणि जुन्या अनामत रकमेची पावती जपून ठेवा.

– एक वीजग्राहक, गोरेगाव